नानांची बरणी : कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

नानांच्या दुकानातली बरणी आज माळ्यावरून खाली काढली. अमळनेरच्या बाजारपेठेत नानांनी घड्याळ आणि कॅमेरा दुरुस्तीचं दुकान ३७ वर्षं चालवलं. २०११ मध्ये शटर ओढलं, आणि दुकानातलं सगळं दोन पत्र्याच्या ट्रंकांत आणि या एका काचेच्या बरणीत घरी आलं. ट्रंकांत हत्यारं आणि मेलेले कॅमेरे आहेत. बरणीत उरलेलं सगळं आहे: स्क्रू, वायसर, स्प्रिंगा, छर्रे, पितळी रिंगा, तुटक्या लिव्हर, आणि तळाशी काळं पडलेलं तेल.

हे काम आत्ताच काढायचं कारण असं की गेल्या दोन वर्षांत रोलचे कॅमेरे परत लोकांच्या हातात दिसायला लागलेत. कुणाला आजोबांचा यशिका चालू करून हवा असतो, कुणी कॉलेजचं पोरगं पेन्टॅक्स घेऊन येतं. मी आयटीआयला फिटर शिकवतो, संध्याकाळी घरी ही कामं करतो. आणि दर वेळी काम एका स्क्रूपाशी अडतं. १.७ मिमीचा, ३ मिमी लांबीचा काळा स्क्रू अख्ख्या अमळनेरात विकत मिळत नाही. जळगावला गोलाणी मार्केटात मोबाइलचे स्क्रू मिळतात, ते इथे लागू पडत नाहीत. आणि तोच स्क्रू या बरणीत निदान शंभर असतील.

सराफ मित्राच्या काट्यावर बरणी तोलली. रिकामी बरणी वजा जाता ऐवज ३८६ ग्रॅम. दहा बारीक स्क्रू वेगळे तोलले तर एक ग्रॅमला थोडे कमी भरले. रिंगा, लिव्हर असे जड नग आणि तेल धरलं तर आत तीन हजारांच्या आसपास नग असावेत.

१२ मार्च

नाना आता ८१ वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थोडे कापतात. बरणी पाहून खुर्ची ओढून बसले. मी वरचा एक स्क्रू उचलला, व्हर्निअर लावला आणि सांगितलं, "१.७, लांबी तीन, काळा, प्लसचा."

त्यांनी तो बोटांत फिरवला आणि म्हणाले, "माप नंतर. हाऊ कोठला शे?"

हा कुठला आहे. दुकानात असताना ते हेच विचारायचे. मी सातवी-आठवीत त्यांच्या हाताखाली बसायचो तेव्हा स्क्रू खाली पडला की मी तो उचलून "सापडला" म्हणायचो, आणि ते विचारायचे, कुठला आहे? सांगता आलं नाही तर तो स्क्रू त्या दिवशी कॅमेऱ्यात जात नसे, बरणीत जात असे. म्हणजे ही सगळी बरणी त्या प्रश्नाचं उत्तर न मिळालेल्या स्क्रूंची आहे.

मी म्हटलं, आता यांचा पत्ता कोण सांगणार, मापाशिवाय आपल्या हातात काय आहे? ते काही बोलले नाहीत. माप घेऊनच सुरुवात करतोय.

१६ मार्च, रविवार

धुणं. गच्चीवर बसलो, कारण पेट्रोल आहे आणि खाली गॅस. चहाच्या जुन्या गाळणीत मूठभर माल घ्यायचा, पेट्रोलात तीनदा बुडवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरायचा. उन्हात पाच मिनिटांत कोरडं. एवढ्या मालाला चार तास लागले. फडक्यावर जे काळं उतरलं ते बघून कळलं की यातले निम्मे स्क्रू मी इतके दिवस चुकीच्या रंगाचे समजत होतो. काळा वाटलेला बराचसा माल चकचकीत निघाला, पिवळा वाटलेला स्टीलचा निघाला.

लोखंड आणि पितळ वेगळं करायला चुंबक वापरला, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ढिगावरून फिरवायचा, स्टीलचे स्क्रू पिशवीला चिकटतात, मग चुंबक आतून ओढून घेतला की सगळे एकदम गळून पडतात. पितळी आणि ॲल्युमिनियमचे खाली राहतात.

चुंबकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण चुंबकी ट्रे हल्ली सगळीकडे विकायला दिसतात. कॅमेऱ्याच्या कामाच्या टेबलावर तो ट्रे नको. स्क्रूला थोडं जरी चुंबकत्व लागलं तरी तो स्प्रिंगेला चिकटतो, गिअरवर पडलेला लोखंडी कीस ओढून घेतो, आणि उजेड मोजणाऱ्या काट्याच्या लाइट मीटरजवळ बसला तर काटा खोटं सांगायला लागतो. त्या मीटरमध्ये केसासारखी स्प्रिंग आणि चुंबकात फिरणारी तारेची गुंडाळी असते, तिच्या शेजारी दुसरा चुंबक कशाला नेऊन ठेवायचा? आजचे सगळे स्टीलचे स्क्रू उद्या आयटीआयला नेईन. सरफेस ग्राइंडरजवळ चुंबकत्व काढायचा डिमॅग्नेटायझर आहे, त्यावरून हळूहळू लांब नेत काढले की झालं.

मोजणी: स्टीलचे स्क्रू २,२१६. पितळी ४१८. गंजून डोकं गेलेले, टाकायचे १७३. स्प्रिंगा, वायसर, छर्रे, क्लिपा वगैरे २९७. एकूण ३,१०४.

२३ मार्च, रविवार

माप. व्हर्निअर ०.०२ मिमीचा, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, खाली पांढरं उपरणं चार पदरी घालून. उपरण्यावर पडलेला स्क्रू उडत नाही, काचेवर पडलेला तीन फूट जातो.

स्टीलच्या ढिगात १.७ मिमीचे १,०३८ निघाले, २ मिमीचे ६१२, १.४ चे ३४४. उरलेले २२२ सगळ्या जातींचे. जपानी कॅमेऱ्यात १.७ आणि २ हीच मुख्य घराणी, आणि नानांच्या दुकानात जपानी माल किती यायचा तेही या आकड्यांतून दिसतं.

लांबी मोजण्यात पहिल्या शंभरात माझी चूक झाली आणि ते शंभर परत मोजले. ज्या स्क्रूचं डोकं पत्र्याच्या वर राहतं त्याची लांबी डोक्याखालून धरायची. ज्याचं डोकं पत्र्यात खोल बसतं, हार्डवेअरवाले ज्याला सीएसके म्हणतात, त्याची लांबी डोक्यासकट धरायची. मी सगळे डोक्याखालून मोजत होतो. पोरांना हे मी वर्गात शिकवतो, पण १.७ मिमीच्या स्क्रूवर डोकं केवढं आणि दांडा केवढा हे भिंगाशिवाय वेगळं दिसतच नाही.

२४ मार्च

आज कामावरून आल्यावर फक्त आटे पाहिले. आयटीआयचा पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन, इतक्या बारीक आट्यांना उपयोगी नाही, त्याची पानंच जाड. त्यावर सोपा उपाय आहे. ज्याची जात नक्की माहीत आहे असा एक स्क्रू डाव्या चिमट्यात धरायचा, अनोळखी उजव्या चिमट्यात, आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून खिडकीसमोर धरायचे. पिच एकच असेल तर आटे दातांसारखे मिटतात, मधून उजेड येत नाही. वेगळी असेल तर दोन-तीन आट्यांनंतर फट दिसायला लागते.

या पद्धतीनेही एक जोडी फसवते: १.६ आणि १.७. दोन्हींची पिच ०.३५. आटे अगदी मिटतात, फरक फक्त जाडीत आणि तोही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. १.७ च्या भोकात १.६ गेला तर आत जातो, फिरतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि कॅमेऱ्याचं अंग ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आटे घेऊनच बाहेर येतो. उलट केलं, १.६ च्या भोकात १.७ दाबला, तर अर्ध्यात अडकतो आणि डोकं तुटून हातात येतं. म्हणून हे दोन एका टेबलावर एकाच वेळी ठेवायचे नाहीत असं ठरवलं.

पितळी ढिगात सहा स्क्रू निघाले ते १.७ शी जुळतात तरी आवळताना घट्ट लागतात. भिंगाखाली आट्यांचा कोन वेगळा दिसला, जास्त टोकदार. हे जुन्या इंग्लिश बीए मापाचे, १० बीए. त्याचीही जाडी १.७ आणि पिच ०.३५, पण आट्याचा कोन ४७.५ अंश, आणि मेट्रिकचा ६०. कुठल्या इंग्लिश कॅमेऱ्यातून किंवा यंत्रातून आले असतील देव जाणे. वेगळी पुडी केली.

३० मार्च, पाडवा

काम नाही. गुढी उभारून झाल्यावर होमिओपॅथीच्या दुकानातून दोन ड्रॅमच्या काचेच्या बाटल्या ६० घेऊन आलो. आतला माल दिसतो, बूच घट्ट बसतं, आणि बाटली आडवी झाली तरी सगळं सांडत नाही. प्रत्येक बाटलीवर चार गोष्टी लिहायच्या: जाडी, लांबी, डोकं, रंग.

६ एप्रिल, रविवार

चाळीसगावच्या एका ओळखीच्या मुलाचा पेन्टॅक्स के१००० आला. मीटरचा काटा हलत नाही, बाकी शटर सगळ्या वेगांना बोलतं. या कॅमेऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९७६ ते १९९७ बनत राहिला, आणि बॅटरी फक्त मीटरला लागते, शटर तिच्याशिवाय चालतं. मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण घालणं हेच त्याचं बंद करणं. झाकण न घालता कपाटात ठेवला की सेल संपतो, संपलेला सेल तसाच राहिला की गळतो, आणि गळलेलं पाणी तारेतून चढत जातं. इथे तेच झालं असणार.

खालच्या पत्र्याच्या स्क्रूंची फुली आधीच कुणीतरी खराब केलेली. हे साध्या फिलिप्स टोकाच्या डिसमिसने होतं. जपानी फुलीचा घाट वेगळा असतो. फिलिप्सचं टोक तिच्या तळाला आधी टेकतं आणि कडा भिडतच नाहीत. जोर दिला की डिसमिस वर चढतो आणि फुली चाटली जाते. माझ्याकडे जपानी टोकाचे तीन आहेत, तीन शून्याचा, दोन शून्याचा आणि एक शून्याचा. ते विकत घेण्याआधी नाना फिलिप्सचं टोक तेलाच्या दगडावर घासून जरासं बोथट करून वापरायचे. तेही चालतं, घाई केली नाही तर.

अडकलेल्या स्क्रूच्या डोक्याभोवती ॲसिटोनचा एक थेंब सुईने सोडला, कारण कारखान्यात लावलेली लाख तिथे धरून बसते. दहा मिनिटं थांबलो. मग डिसमिस दाबूनच धरायचा, जोराचा मोठा हिस्सा खाली आणि थोडासा फिरवण्यात. तीन सुटले. एक अजून सुटेना, त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगचं गरम टोक चार-पाच सेकंद टेकवलं आणि तोही सुटला.

१३ एप्रिल, रविवार

के१००० उघडला. सेलच्या कप्प्याची तार हिरवी होऊन मुळाशीच तुटलेली. सेलची गळती क्षारी असते, म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या काडीने पुसलं, मग स्पिरिटने. नवी तार सोल्डर केली. काटा उठला. हे सगळं तासाभरात झालं आणि फार आनंद झाला.

सोडवलेले स्क्रू मी आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवले, सात कप्प्यांची. मोबाइलवर दर पायरीचा फोटो काढला. कप्प्यांत ठेवताना जे सारखे दिसले, मापाला सारखे लागले, ते एकत्र टाकले. काळे, १.७, एकाच डोक्याचे, सगळे बुधवारच्या कप्प्यात.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणुकीला जाऊन आलो, दुपारी कॅमेरा बंद करायला बसलो. पत्रा बसवला, स्क्रू आवळले, रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढली. एक तृतीयांश गेली आणि थांबली. दगडावर आपटल्यासारखी थांबली. जोर लावला नाही, देवाची कृपा.

रात्री ११ पर्यंत शोधलं. सोल्डरचा थेंब आत पडला का, तार गिअरमध्ये आली का, काहीच नाही. पत्रा काढला की लिव्हर लोण्यासारखी फिरते. पत्रा लावला की अडते. झोपलो.

२० एप्रिल, रविवार

सापडलं. पत्रा बसवून सगळे स्क्रू आवळले, मग एकेक सोडवत लिव्हर ओढून पाहिली. तिसरा सोडवला आणि लिव्हर सुटली. तो स्क्रू भिंगाखाली धरला. अंगाने काळा, पण टोकाच्या एका बाजूला नखाच्या कोरीएवढी जागा घासून पांढरी झालेली, आणि शेवटच्या आट्यात पितळेचा एक कण अडकलेला. व्हर्निअर लावला: लांबी ३.५. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची ३. आतल्या एका जागेचा स्क्रू पत्र्याच्या भोकात गेला होता, अर्धा मिलिमीटर जास्त आत शिरून गिअरच्या दाताला लागत होता. आणि त्याच्या जागी गेलेला आखूड स्क्रू तिकडे दीड आट्यावर लोंबत होता.

फोटो पुन्हा पाहिले. सगळ्या फोटोंत सगळे स्क्रू एकसारखे दिसतात. फोटोत डोकं येतं, लांबी येत नाही.

गिअर पुसला, दातावर बारीक ओरखडा आहे पण दात शाबूत आहे. मीच केलेला ओरखडा म्हणून त्या मुलाला कळवलं.

तीन आठवडे मी बरणीतले स्क्रू मापाने लावत होतो आणि हाताला तीच सवय लागली. बरणीतल्या स्क्रूला माप हीच ओळख आहे, कारण त्याचं घर हरवलंय. चालू कामातल्या स्क्रूला घर आहे. तो त्याच भोकातला आहे, शेजारच्या भोकातला नाही, मग दोघं मापाला जुळे का असेनात. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि मी एकाचा दुसऱ्यात मिसळला. नाना सांगत होते ते हेच.

२१ एप्रिल

आजपासून चालू कामाला लग्नपत्रिका. घरात या मोसमात पत्रिकांचा ढीग आहे, जाड आणि एका बाजूने कोऱ्या. मागच्या बाजूला कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढायची, वर-खाली-समोर अशा तीन पत्रिका. स्क्रू जिथून निघाला तिथेच सुईने भोक पाडून त्यात उभा टोचायचा. शेजारी क्रमांक, आणि लांबी दिसायला वेगळी असेल तर एक रेघ. चामड्याखाली लपलेले स्क्रू वेगळ्या रंगाने, कारण तिथे स्क्रू आहे हेच मागाहून विसरायला होतं.

पत्रिकेवर आणखी तीन खुणा करतो. लाखेचा लाल-हिरवा ठिपका असलेला स्क्रू: तो कारखान्याने मापात लावलेला आहे, कारण नसताना फिरवायचा नाही, फिरवावाच लागला तर आधी डोक्याची आणि शेजारची एकच सरळ रेघ ओढून ठेवायची. डोक्यावर तीन समांतर खाचा असलेला स्क्रू: जपानी कॅमेऱ्यात तो उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलं की आवळतो आणि शेवटी तुटतो. आणि माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या रिंगेखालच्या पातळ चकत्या, शिम. लेन्सचा माउंट आणि फिल्म यांच्यातलं अंतर पेन्टॅक्सच्या के माउंटला ४५.४६ मिमी, निकॉनच्या एफ माउंटला ४६.५. ते अंतर या कागदासारख्या चकत्यांनी जुळवलेलं असतं. कोणती चकती कोणत्या स्क्रूखाली होती हे चुकलं तर एका बाजूचा फोकस जातो, आणि लेन्स खराब म्हणून लोक लेन्स उघडत बसतात.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

ताई माहेरी आली. सकाळपासून घरात पुरणाचा आणि आमरसाचा वास, गल्लीत निंबाला झोका बांधलेला. जेवणं झाल्यावर ती टेबलाशी आली, पत्रिकांवर टोचलेले स्क्रू पाहिले आणि म्हणाली, "अरे, नानांची ती भोकांची फळी होती ना सागाची? ती कुठंय?"

मला आठवेना. तिला स्वच्छ आठवत होती. सहा रांगा, दर रांगेत दहा भोकं. नाना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करायचे आणि एकेक स्क्रू निघेल तसा पुढच्या भोकात. बंद करताना शेवटच्या भोकापासून मागे यायचे. पहिल्या भोकापाशी पोहोचले आणि भोक रिकामं झालं की काम पुरं. शाळेतून आल्यावर आज किती भोकं भरली ते मोजायचं तिचं काम होतं.

फळी सापडली मायच्या शिलाई मशिनशेजारी. भोकांत खुंट्या ठोकून त्यावर दोऱ्याच्या रिळी लावलेल्या. माय म्हणाली, "मंग मी दोरा कोठे ठेवसू?" ताईने स्वतः डब्बा शोधून दिला तेव्हा कुठे फळी मोकळी झाली. मागच्या बाजूला पेन्सिलीने नानांच्या अक्षरात नुसते आकडे आहेत, एकाखाली एक, काही पुसट. नानांना विचारलं. म्हणाले, ज्या दिवशी एक भोक भरलेलंच राहिलं आणि कॅमेरा बंद झाला, त्या दिवशीचा भोकाचा नंबर. कॅमेरा मग पुन्हा उघडायचा. ३७ वर्षांत ११ आकडे.

४ मे, रविवार

उन्हाचा कहर. दुपारी बाहेर माणूस नाही. काम करताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण शिमची चकती वाऱ्याने उडते आणि उडाली की सापडत नाही. म्हणून सकाळी सहा ते साडेनऊ एवढीच वेळ ठेवली.

५० मिमीच्या एका लेन्सची ॲपर्चरची रिंग काढायची होती. त्या रिंगेखाली टकटक आवाज देणारा छर्रा असतो, साधारण एक-दीड मिमीचा, मागे स्प्रिंग. रिंग निघाली की तो उडतो. म्हणून हात आणि लेन्स दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काढली. छर्रा उडाला, पिशवीच्या कोपऱ्यात सापडला. त्याला चिमट्याने धरता येत नाही. काडीच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून उचलायचा आणि तसाच ग्रीससकट घरात बसवायचा.

माउंटचा एक स्क्रू मात्र फरशीवर गेला. खोलीत अंधार केला, टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरली. उभ्या उजेडात जे दिसत नाही त्याची आडव्या उजेडात लांब सावली पडते. दार आणि उंबरठा यांच्या फटीत होता. नाना म्हणाले, आमच्या वेळी दुकान झाडलेला केर महिनाभर टाकत नसू. सराफकट्ट्यावर झारेकरी सोनाराची माती धुऊन सोनं काढतात, तसाच तो केर आम्ही चाळायचो.

प्लॅस्टिकच्या अंगाच्या कॅमेऱ्यांचे स्क्रू वेगळ्या बाटलीत गेले: टोकदार, आटे लांब-लांब, स्वतःच वाट कोरणारे. हे परत बसवताना आधी उलटं फिरवायचं. एका जागी हाताला बारीकसा टक जाणवतो, तिथे स्क्रू जुन्या आट्यात उतरलेला असतो. तिथून सुलटं फिरवायचं. नाही तर दर वेळी नवे आटे पडतात आणि चौथ्या वेळी भोक मोठं होतं.

८ मे

मुलीने शेजारून एक मेलेला फ्लॅशवाला छोटा कॅमेरा आणला, स्क्रू काढायला. तिच्या हातून आधी काढून घेतला. सेल नसला तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब बसलेला असू शकतो. रेझिस्टर लावून रिकामा केला, मीटरवर शून्य दाखवला, मगच तिला डिसमिस दिला. तिने १४ स्क्रू काढून पत्रिकेवर टोचले, सगळे बरोबर.

११ मे, रविवार

के१००० फळीवर पुन्हा उघडून, स्क्रू जागच्या जागी घालून बंद केला होता. २६ भोकं भरली, २६ रिकामी झाली. आज एसटीने चाळीसगावला जाऊन दिला. मुलाने तिथेच रोल भरून स्टँडवर पहिला फोटो घेतला.

आलोच होतो तर केकी मूस यांचं कलादालन पाहिलं. १९१२ ते १९८९, त्यातला बराच काळ या माणसाने चाळीसगावच्या घराबाहेर फारसं पाऊल न टाकता काढला, आणि टेबलावर लहान लहान वस्तू मांडून त्यांचे असे फोटो घेतले की मोठा देखावा वाटावा. मी आधीही पाहिलेत. या वेळी फोटोंपेक्षा टेबलच डोळ्यांसमोर येत राहिलं. त्या मांडणीत एक वस्तू बोटभर सरकली असती तर सावली चुकली असती. बराच वेळ उभा होतो.

१ जून, रविवार

बाटल्या ५३ भरल्या. स्टील आणि पितळ मिळून ओळख पटलेले २,५९३ स्क्रू. प्रत्येक बाटलीत सिलिका जेलची छोटी पुडी, कारण आता पाऊस येईल. एका वहीत बाटल्यांची यादी, आणि ज्या कॅमेऱ्यातून काही उघडून पाहिलं त्याच्या नावापुढे कोणत्या जागी कोणत्या बाटलीतला स्क्रू लागतो ते. ही दुसरी यादी अजून दोन पानांची आहे.

४१ स्क्रू कुठल्याच बाटलीत बसले नाहीत. दांड्याचा अर्धा भाग सपाट, बिनआट्यांचा, आणि पुढे आटे, काहींचं डोकं दोन थरांचं, काही डोक्याशिवायचे. मापं लिहिली, पण त्या मापांचा काही अर्थ लागत नाही.

ते बशीत घालून नानांपुढे ठेवले. त्यांनी चष्माही घातला नाही. एकेक उचलून अंगठा आणि तर्जनीत फिरवत होते. बरेच परत बशीत टाकले. एकावर थांबले, सपाट भागावर नख फिरवलं, परत फिरवलं.

"हाऊ कोपलना शे. पातीना शटरना. यशिकामातला."

ट्रंकेत यशिका मॅट १२४जी आहे, कोपल कंपनीच्या शटरचा, समोरचा भाग उघडा पडलेला, कधीचा. भिंगाखाली पाहिलं. एक लिव्हर सैल लोंबत होती आणि तिच्या खाली आट्यांचं एक रिकामं भोक. स्क्रू चिमट्याने वर ठेवला आणि नुसत्या बोटाने फिरवला. आत गेला. आवळून बसला तरी लिव्हर त्याच्या सपाट भागावर मोकळी फिरत राहिली, आणि सोडली की स्प्रिंगेने परत आली.

वहीत यशिकाच्या पानावर जागा लिहिली. बशीच्या चिठ्ठीवर ४१ खोडून ४० केले. नाना पुढचा उचलून बसले होते.